प्रथिन आहे, पण चालू आहे का?

बडोद्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करतो. रिपोर्ट हातात पडला की लोक आधी जाड अक्षरांत छापलेले आकडे शोधतात, ते नसले की हुश्श करतात आणि मग काउंटरशी रेंगाळत खरा प्रश्न विचारतात. "टोटल प्रोटीन नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, इन्सुलिन तर उलट जास्तच आहे म्हणता. मग डॉक्टर का म्हणतात, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही?" हा प्रश्न दांडिया बाजारातल्या एका काकांचा. छोटा उदेपूरकडून आलेल्या बाईंचा वेगळा: मुलाच्या कार्डावर सिकल सेल लिहिलंय, पोरगा तर धडधाकट आहे, मग हे कसलं कार्ड? कॉलेजच्या मुलांना पावडरीचं विचारायचं असतं. आणि हल्ली सगळ्यांनाच वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं.

हे सगळे प्रश्न प्रथिनांचे आहेत आणि त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रिपोर्ट बहुतेक वेळा प्रथिन किती आहे ते सांगतो. शरीराचा कारभार मात्र त्यातलं किती या घडीला चालू आहे, यावर चालतो. आणि चालू की बंद, हे प्रथिनाच्या आकारावर ठरतं.

## आधी साखळी

प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या लहान रेणूंची लांब साखळी. अमिनो आम्लं वीस प्रकारची. कोणत्या क्रमाने कोणतं जोडायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. प्रथिनांचा क्रम सांगणारी अशी सुमारे वीस हजार जनुकं माणसाकडे आहेत. इन्सुलिनमध्ये फक्त ५१ अमिनो आम्लं, हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४, आणि स्नायूंतल्या टायटिन नावाच्या प्रथिनात तीस हजारांहून जास्त.

ही जोडणी पेशीतले रायबोसोम करतात. इथे बडोदेकरांनी कॉलर जरा ताठ करायला हरकत नाही. रायबोसोमची रचना अणूअणूपर्यंत उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले वेंकी रामकृष्णन इथेच वाढले. वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायन विभागाचे प्रमुख होते, आणि वेंकींनी १९७१ मध्ये त्याच विद्यापीठातून बीएस्सी केलं, तेही भौतिकशास्त्रात. जीवशास्त्राकडे ते वळले पीएचडीनंतर. त्या कामाचा आपल्या औषधांच्या डब्याशी थेट संबंध आहे. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही ओळखीची अँटिबायोटिक्स जंतूंच्या रायबोसोमला जाऊन चिकटतात आणि त्यांची प्रथिनं बनणं थांबवतात. आपल्या रायबोसोमचा घाट थोडा वेगळा असतो, म्हणून त्याच गोळ्या आपल्याला झेपतात.

## नऊ वार कापड, एकही टाका नाही

नुसती साखळी काही कामाची नसते. तिला घड्या पडाव्या लागतात. हे समजून घ्यायला नऊवारी साडी डोळ्यांसमोर आणा. कपाटात घडी करून ठेवलेली नऊवारी आणि आजींनी नेसलेली नऊवारी, कापड तेच. त्याला कुठे शिलाई नाही, बटण नाही. निऱ्या, ओचा, काष्टा, पदर हे सगळं त्याच कापडाचं त्याच कापडात खोचून झालेलं. तरी ती नेसून चार जिने चढता येतात, वाकून रांगोळी काढता येते. कपाटातल्या घडीने यातलं काहीच होत नाही.

प्रथिनाचंही असंच. साखळी कुठे गुंडाळत जाते, कुठे मागेपुढे दुमडून सपाट पट्टी होते, आणि मग या सगळ्याची मिळून एक आटोपशीर गाठोडी बनते. त्या गाठोडीला खोबणी असतात, उंचवटे असतात. ज्या रेणूवर काम करायचं तो नेमका त्या खोबणीत बसतो. हे सगळं धरून ठेवणारे बंध फार नाजूक असतात आणि नाजूक असणं हेच त्यांचं भांडवल आहे, ते पुढे कळेल.

साडीशी असलेलं साम्य एका ठिकाणी तुटतं, आणि शास्त्रज्ञांना अर्धं शतक छळलं ते त्याच जागेने. साडी कुणीतरी नेसतं. प्रथिन स्वतःच स्वतःला नेसतं. ख्रिश्चन अनफिनसेन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या १२४ अमिनो आम्लांच्या एका एन्झाइमच्या (शरीरातली रासायनिक कामं वेगाने करणाऱ्या प्रथिनाला एन्झाइम म्हणतात) सगळ्या घड्या रसायनं घालून मोडल्या. मग ती रसायनं काढून टाकली. साखळी आपली आपण पुन्हा मूळ आकारात आली आणि एन्झाइम पुन्हा काम करू लागलं. म्हणजे कसं दुमडायचं ते साखळीच्या क्रमातच असतं. त्यांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं. याचं मोठं कारण पाणी. पेशी पाण्याने भरलेली असते. वीसपैकी काही अमिनो आम्लांचं पाण्याशी अजिबात जमत नाही, ती आत दडतात; ज्यांचं जमतं ती बाहेर राहतात. त्यात साखळीचा सांधा कोणत्या कोनांत वळू शकतो यालाही मर्यादा आहेत. त्या कोनांचा नकाशा जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांबरोबर मद्रासला १९६३ मध्ये मांडला. आजही प्रथिनाची नवी रचना बरोबर आहे का ते जगभर त्या नकाशावर ताडून बघतात.

एवढं ठाऊक असूनही, नुसता क्रम वाचून अंतिम आकार सांगणं जमत नव्हतं. शंभर अमिनो आम्लांच्या साखळीने शक्य ते सगळे आकार एकेक करून बघायचे म्हटलं, तर विश्वाचं आजवरचं वय पुरणार नाही; आणि लहानशी प्रथिनं तर सेकंदाच्या आत घडी घालून मोकळी होतात. म्हणून आकार कळायचा तर प्रथिनाचे स्फटिक बनवा, त्यावर क्ष-किरण टाका, हीच वाट होती. १९५८ मध्ये जॉन केंड्र्यू यांनी स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना मिळवली, कुठल्याही प्रथिनाची ती पहिलीच. तिथपासून गेल्या काही वर्षांपर्यंत प्रयोगांतून दोन लाखांच्या घरात रचना जमल्या. त्यांवर शिकवलेल्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने २०२० मध्ये क्रमावरून आकार ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं आणि दोन वर्षांत वीस कोटींहून जास्त आकारांचे अंदाज खुले करून दिले. २०२४ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना, निसर्गात नसलेली प्रथिनं घडवल्याबद्दल.

घड्या मोडणं आपण रोज बघतो. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेने घड्या सुटतात आणि सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. मधुमेहींच्या घरात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या इन्सुलिनमध्ये रेणू तेवढेच असतात, आकार मात्र बिघडलेला असू शकतो. फ्रीजरमध्ये गोठलेल्याचीही तीच गत. कुपीवरचा आकडा दोन्ही वेळा तोच राहतो.

## एकीकडे ओढलं की दुसरीकडे सैल

आता मुख्य गोष्ट. नेसलेली साडी दगडासारखी स्थिर नसते. पुढे ओचा सैल झाला की मागे काष्टा ढिला पडतो, कारण कापड एकच आहे. प्रथिनातही एका ठिकाणी काही चिकटलं की दूरच्या दुसऱ्या ठिकाणचा आकार हलतो. पेशीचं निम्मंअधिक राजकारण या एका गुणावर चालतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण हिमोग्लोबिन. तांबड्या पेशीत त्याचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. प्रत्येकाच्या चार साखळ्या, प्रत्येक साखळीत लोहाचा एक अणू, म्हणजे ऑक्सिजनसाठी चार जागा. पण त्याने ऑक्सिजन नुसता पकडून भागत नाही. फुप्फुसात पकडायचा आणि पायाच्या पोटरीत सोडायचा, अशी दोन उलट कामं त्याच्याकडे आहेत. ती अशी जमतात: पहिला ऑक्सिजन बसला की लोहाचा अणू किंचित सरकतो, त्याच्याबरोबर साखळीचा एक भाग ओढला जातो आणि रेणूचा एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याच्या मानाने सुमारे १५ अंशांत फिरतो. त्या नव्या आकारात बाकीच्या जागांना ऑक्सिजन जास्त हवासा होतो. सोडतानाही तेच उलट. स्नायू राबत असले की तिथे आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, ते हिमोग्लोबिनला चिकटून त्याला सोडणाऱ्या आकाराकडे ढकलतात. म्हणजे जिथे गरज जास्त तिथे माल जास्त उतरतो, वरून कुणी हुकूम न देता. मला स्वतःला शरीरातली ही सर्वांत देखणी व्यवस्था वाटते.

ती बिघडली की काय होतं ते थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू, खिडकी लावलेली, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध. गिझर नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. लोकांना एवढं माहीत असतं की तो जागा अडवतो. पण घात त्याहून मोठा आहे. चारपैकी एक-दोन जागी तो बसला की रेणू पकडणाऱ्या आकारात अडकतो, आणि उरलेल्या जागांवर बसलेला ऑक्सिजनही सुटत नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन चौदा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवेल, कारण त्या यंत्राला दोन्ही वायूंतला फरक कळत नाही. माणूस मात्र ऑक्सिजनवाचून तडफडतो आहे. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा, एवढंच यावर मी काउंटरवरून सांगू शकतो.

## टाचणी लावायची, टाचणी काढायची

मांडवीच्या गल्लीत कुत्रं मागे लागलं तर तुमच्या पायांना साखर आत्ता हवी असते. नवीन प्रथिन बनवायचं तर जनुक वाचण्यापासून सुरुवात, त्यात बराच वेळ जातो. तोवर कुत्र्याचं काम झालेलं असेल. म्हणून पेशी कितीतरी प्रथिनं आधीच बनवून, बंद अवस्थेत ठेवते आणि वेळ आली की क्षणात चालू करते.

त्याची सर्वांत नेहमीची रीत अशी: फॉस्फेट नावाचा छोटा रासायनिक गट प्रथिनावर ठराविक जागी चिकटवायचा. साडीला एका जागी टाचणी लावली की तिचा सगळा पडता बदलतो, तसा या गटाच्या ऋण विद्युतभारामुळे आसपासचा भाग ओढला-ढकलला जातो आणि आकार बदलतो. चिकटवणाऱ्या एन्झाइमांना कायनेज म्हणतात. माणसात ते पाचशेहून जास्त आहेत. काढणारे वेगळे असतात. त्यामुळे टाचणी कितीही वेळा लावता-काढता येते. घड्या धरणारे बंध नाजूक असल्याचा फायदा इथे कळतो; ते भक्कम असते तर आकार एवढ्यातेवढ्याने हलला नसता. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात सिएटलला हे शोधलं, तेही याच प्रश्नावर काम करताना: स्नायू साठवलेली साखर एकदम कशी सोडतात? त्यांना नोबेल मिळायला १९९२ उजाडलं.

दांडिया बाजारातल्या काकांचं उत्तर इथे आहे. इन्सुलिनला काम करायला पेशीच्या आत शिरावं लागत नाही. ते पेशीच्या आवरणावरच्या ग्राहक-प्रथिनाला बाहेरून चिकटतं. त्या प्रथिनाचं आतलं टोक स्वतःच कायनेज आहे. बाहेर इन्सुलिन बसलं की आतलं टोक चालू होतं, पुढच्या प्रथिनावर फॉस्फेट लावतं, ते त्याच्या पुढच्याला जागं करतं, आणि शेवटी साखर आत घेणारी दारं पेशीच्या पृष्ठभागावर आणली जातात. मधुमेहाच्या नेहमीच्या प्रकारात सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असतं, पण ही आतली साखळी अडते. पोटावरची चरबी आणि शरीरातली बारीक सूज यांमुळे मधल्या प्रथिनांवर भलत्याच जागी फॉस्फेट बसतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन ओततं. काकांच्या रिपोर्टमधला चढा आकडा हा त्या ओढाताणीचा आहे. चालल्याने फायदा का होतो, तेही यातूनच कळतं: राबणारा स्नायू साखरेची ती दारं इन्सुलिनला न विचारता, वेगळ्या वाटेने पृष्ठभागावर आणतो.

कायनेज कायमचा चालू राहिला तर? रक्ताच्या एका कर्करोगात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, नेमकं हेच होतं. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक असा कायनेज तयार होतो जो बंदच होत नाही, आणि पेशी वाढत सुटतात. इमॅटिनिब हे औषध त्या कायनेजचा बंद आकार धरून ठेवतं. अमेरिकेत ते २००१ मध्ये मंजूर झालं, आणि ज्या आजारात रुग्ण काही वर्षांत जात, त्यात आज बहुतेक जण गोळी घेत संसार करतात.

## कात्री

फॉस्फेट काढता येतं. कापलेलं जोडता येत नाही. तरीही काही कामांसाठी शरीर कात्रीच वापरतं, कारण तिथे मागे फिरायचंच नसतं.

पचनाचं ट्रिप्सिन स्वादुपिंडात लांब, निरुपद्रवी रूपात बनतं आणि आतड्यात पोचल्यावर त्याचा तुकडा कापून ते चालू होतं. ते स्वादुपिंडातच चालू झालं तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. त्या आजाराची कळ ज्याने भोगली आहे त्याला वेगळं सांगायला नको. इन्सुलिनही आधी एका लांब साखळीच्या रूपात बनतं आणि मधला तुकडा कापून तयार होतं. तो कापलेला तुकडा म्हणजे आमच्या लॅबच्या यादीतलं सी-पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, म्हणून रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड किती बनवतंय ते त्यावरून कळतं. डॉक्टरांनी ही तपासणी लिहिली तर ती उगाच वाढवलेली नसते.

वजनाच्या इंजेक्शनांचं गुपितही कात्रीतच आहे. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं लहानसं प्रथिन सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, भूक कमी करतं, पण रक्तातलं एक एन्झाइम त्याचं टोक छाटून एक-दोन मिनिटांत त्याला निकामी करतं. यावर दोन तोडगे निघाले. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या त्या कात्रीलाच अडवतात. वजनाच्या इंजेक्शनांतल्या सेमाग्लुटाइड या औषधात कापडच बदललं: दोन जागची अमिनो आम्लं बदलली, त्यामुळे कात्री नीट चालत नाही, आणि चरबीची एक लांब शेपटी जोडली, जी रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते. तुमच्या रिपोर्टमध्ये 'अल्ब्युमिन' छापलेलं असतं, तेच. मिनिटांचं काम आठवड्यावर गेलं ते एवढ्या फेरफाराने.

हृदयाची झडप बदललेल्यांच्या घरात वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारं औषध असतं. तेही सांगायला हवं, कारण आपला मुद्दा त्यात स्पष्ट दिसतो. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात बनतात. बनल्यावर जीवनसत्त्व के च्या मदतीने त्यांवर एक जादा रासायनिक गट बसवावा लागतो, तरच ती कॅल्शियम धरून कामाला लागतात. वॉर्फरिन ते बसवणं रोखतं. प्रथिनं रक्तात फिरत असतात, फक्त अर्धवट. म्हणून आम्ही त्यांची मात्रा मोजत बसत नाही, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतो. त्यावरून काढतात तो आयएनआर. पालेभाजीत जीवनसत्त्व के असतं. डॉक्टर पालेभाजी रोज साधारण सारखीच खायला सांगतात ते यासाठी. एका रविवारी अळूवड्यांवर ताव आणि मग पंधरा दिवस पाला बंद, असं केलं की आकडा हेलकावे खातो.

आणि काम संपलेल्या प्रथिनांचं काय? त्यांवर युबिक्विटिन नावाच्या ७६ अमिनो आम्लांच्या लहान प्रथिनाची खूण लावली जाते, आणि खूण दिसली की पेशीतलं तुकडे करणारं यंत्र त्यांना ओढून घेतं. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल यासाठी होतं. कामं सुरू करणारी प्रथिनं वेळेवर मोडली नाहीत तर कामं थांबतच नाहीत, म्हणून मोडणंही नियंत्रणातच धरायचं.

## एक अमिनो आम्ल बदललं तर

छोटा उदेपूर २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होतं. त्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकल सेल बराच आढळतो. केंद्र सरकारची सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. कार्डं त्यातूनच येतात.

या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं. तिथे पाण्याशी मैत्री असणाऱ्या ग्लुटामिक आम्लाऐवजी पाणी टाळणारं व्हॅलिन येतं. रेणूच्या बाहेरच्या बाजूला असा एक ठिपका तयार होतो. मघाशी बघितलेले दोन आकार आठवा. ऑक्सिजन धरलेल्या आकारात हा ठिपका कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. ऑक्सिजन सुटला की आकार बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खळगा उघडा पडतो आणि ठिपका त्यात जाऊन बसतो. मग एकाला एक चिकटत लांब ताठ दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. त्या वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात. हाडांत कळा, धाप, थकवा हे त्यातून.

म्हणजे घोटाळा हिमोग्लोबिन कमी असण्यापासून सुरू होत नाही (पेशी लवकर मोडल्याने ते पुढे कमी होतं हे खरं). सुरू होतो तो आकार बदलण्याच्या क्षणी. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी बाधली, की झटका का येतो ते यातून कळेल: दोरे बनायला तेव्हा अनुकूल होतं. त्या बाईंचा मुलगा वाहक होता, म्हणजे एक जनुक बदललेलं, एक चांगलं. दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन त्याच्यात बनतं आणि सहसा त्रास होत नाही. कार्ड त्याच्या आजच्यासाठी नाही, त्याच्या लग्नासाठी आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. लग्न मोडा असं यात कुठे नाही, आधी तपासा एवढंच आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध आकाराला हात लावत नाही. ते गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, आणि ते हिमोग्लोबिन दोऱ्यांत सामील होत नाही.

## "आकार कळले, मग औषधं झटपट का नाहीत?"

कारण अल्फाफोल्ड बहुतेक वेळा एक ठरलेला आकार दाखवतं आणि आजार होतात ते आकार बदलताना. तो बदल कोणत्या पेशीत, कधी, किती वेळा होतो हे प्रयोगानेच बघावं लागतं.

आकाराची गणितं बरोबर असूनही औषध कसं फसतं, ते सिकल सेलमध्येच दिसलं. व्होक्सेलोटॉर हे औषध हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या आकारात रोखून ठेवायचं. कल्पना बिनचूक. रुग्णांच्या रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन वाढलंही, आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं, कारण वेदनेचे झटके आणि मृत्यू चिंता वाटावी इतके दिसू लागले होते. वाढलेला आकडा पुरेसा नव्हता.

## "मग प्रोटीन पावडर?"

खाल्लेलं प्रथिन पोटात गेलं की आधी घड्या सुटतात, मग कात्री चालते आणि रक्तात पोचतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्लं. शेव-उसळीतला वाटाणा असो की महागडा डबा. त्यातून कोणतं प्रथिन बनवायचं ते तुमची पेशी ठरवते. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन ही आपल्याकडची शिफारस आहे. साठ किलोला पन्नास ग्रॅम. अनेक शाकाहारी ताटांत तेवढं येत नाही, तेव्हा पावडर घेणारा प्रत्येक जण मूर्ख नाही. वरण-भात एकत्र खाल्ला की डाळीतली उणीव तांदूळ आणि तांदळातली उणीव डाळ बऱ्यापैकी भरून काढते. स्नायू वाढतो मात्र वजन उचलल्याने, कारण ते अमिनो आम्ल कुठे लावायचं हा निरोप तिथून येतो.

कोलाजेनच्या डब्याबद्दल मी जरा कडक आहे. तेही बहुतांशी पचून तुटतं. शरीर स्वतः बनवतं त्या कोलाजेनच्या तीन साखळ्यांचा पीळ टिकायला जीवनसत्त्व क लागतं. ते नसलं की साखळ्या बनतात, पीळ सुटतो आणि हिरड्यांतून रक्त येतं. रोजचा आवळा किंवा लिंबू हे काम फार स्वस्तात करतं.

इन्सुलिन गोळीतून का घेता येत नाही, याचंही उत्तर हेच: पोटाला ते वाटाण्याहून वेगळं नाही. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली आहे, पण शोषण वाढवणारा पदार्थ सोबत घालूनही तिच्यातलं एक टक्क्याहून कमी औषध रक्तात पोचतं. म्हणून ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास थांबायचं असतं. सकाळच्या चहाबरोबर घेतली तर ती जवळपास वाया जाते.

## "म्हणजे रिपोर्टला अर्थच नाही?"

आहे. फक्त तो आकडा मात्रेचा आहे की कामाचा, ते बघा. अल्ब्युमिन, टोटल प्रोटीन, हिमोग्लोबिन या मात्रा आहेत. लघवीत अल्ब्युमिन उतरत असेल तर ती मूत्रपिंडाची धोक्याची सूचना असते आणि ती दुर्लक्षू नये. आयएनआर हे काम आहे. उपाशीपोटीची साखर आणि त्याच वेळचं इन्सुलिन एकत्र वाचलं तर कामाचा अंदाज येतो. नुसतं इन्सुलिन फारसं बोलत नाही.

एचबीएवनसी या दोन्हींत बसत नाही. रक्तातली साखर हिमोग्लोबिनच्या टोकाला आपसूक चिकटते. कुठलंही एन्झाइम ती लावत नाही आणि पुढे ती सुटतही नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी तिच्यावर साठून राहते. सिकल सेल आजारात पेशी लवकर मोडतात, साखर चिकटायला वेळ मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. वाहकांमध्येही काही पद्धतींनी तो चुकतो. तेव्हा घरात सिकल सेलचं कार्ड असेल, तर मधुमेहाचं रक्त देताना ते काउंटरवर दाखवा. आम्ही पद्धत बदलून तपासू किंवा डॉक्टरांना दुसरी तपासणी लिहायला सांगू.